मेथीचा लगदा आणि अर्धी टोपली

आमच्या घरात श्रीमंती एकच होती, ती माझ्या नाकाची. बाकी सगळं जेमतेम. पण नाक असं की तीन घरं पलीकडे कुणाचं दूध उतू गेलं तरी मला इकडे मळमळायचं. वरणात केस निघाला की माझं त्या दिवसाचं जेवण संपलं. कुणी शेंबूड ओढला की मी तोंडावर हात ठेवून अंगणात पळायची. गावात कुणाची ओळख पोहण्यामुळे असते, कुणाची भांडणामुळे. माझी ओळख ओकण्यामुळे होती. पाहुणे आले की मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, कौतुकाने सांगायची, "आमची इंदू लय नाजूक हाय बाई. मोरीकडं पाह्यलं तरी भडाभडा ओकते." आणि पाहुणे मोठ्या उत्सुकतेने माझ्याकडे बघत, जणू मी आत्ता लगेच करून दाखवणार आहे.

आणि अशा नाकाला जन्म कुठे मिळावा? भाजीवाल्या माळ्याच्या घरात! आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, मळा गावाला लागून. पहाटे मोटेची कुरकुर सुरू व्हायची आणि तिच्यामागे बैलांचं फुरफुरणं. अंगणात भाजीचे ढीग. ताजी मेथी, ताजा मुळा यांचं कौतुक शहरातल्या लोकांना. आमच्या वाट्याला यायचं ते बाजारातून परत आलेलं. काळी पडलेली सांबाराची जुडी (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), पाणी सुटलेली वांगी, आणि कोबीची सडकी पानं. सडक्या कोबीचा वास ज्याने घेतला नाही त्याने वास या विषयावर तोंड उघडू नये. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, त्या ढिगात बसून खाण्याजोगं काय ते निवडायचे आणि म्हणायचे, "हे आपल्याले चालते." जे जगाला चालत नाही ते आम्हाला चालतं, हा आमच्या घराचा धर्म होता. दादा, माझे वडील, मळ्यात राबायचे आणि घरात गप्प असायचे. माय त्यांच्याहून गप्प. बोलायचं काम मोठ्या आईने आपल्याकडे घेतलं होतं आणि ती ते एकटी पुरं करत होती.

सहावीत असताना या मोठ्या आईने माझ्या शाळेचा निकाल लावायचं ठरवलं. सहामाहीत मी गणितात आपटले होते, तेही गुणोत्तरात. "तीनास दोन" या दोन शब्दांनी मला जेवढं रडवलं तेवढं कांद्यानेही नाही. कुणी तरी कुणाला तरी पेढे वाटतो, तीनास दोन या प्रमाणात, आणि मी कुणाला किती मिळाले हे का सांगायचं? ज्याने खाल्ले त्याला विचारा! मोठे बाबा भाजीच्या धंद्यातले, तोंडी हिशेबाचे पक्के. त्यांना माझे गुण कळले तेव्हा त्यांनी नुसतं "हॅट" म्हटलं. पण मोठ्या आईला निमित्त पुरलं.

"सहावी झाली की बस झालं," ती चुलीपुढून म्हणाली. "सहा वर्सं झाली, पोरगी शाळेत जाऊन राह्यली. एक तरी कामाची वस्तू आणली का घरी? घरातल्या भाकरीच्या टोपलीले उंदरानं भोक पाडलं, थे बुजवाले कोणत्या शाळेत शिकवते का?"

माझी गप्प माय त्या दिवशी एकच वाक्य बोलली. ते तिने कधीपासून तयार ठेवलं होतं, देव जाणे. "जाऊबाई, शाळेत टोपल्याच करून राह्यले म्हणे. इंदूनं चांगली टोपली आणली त सातवीत जाऊ द्यायची का?"

मोठी आई कोंडीत सापडली. मोठे बाबा समोर बसलेले. ती म्हणाली, "आणू दे. भाकरी ठेवता आल्या पायजेत पण." झालं. माझं सातवीत जाणं न जाणं एका टोपलीवर येऊन ठेपलं.

ही टोपली कशी करतात ते आता सांगते. ज्यांचं पोट नाजूक असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं, किंवा अजिबात जेवू नये. आमच्याकडे भाकरी ठेवायची टोपली कागदाची. रद्दी माठात भिजत घालायची आणि कुजू द्यायची. कुजली पाहिजे, नुसती भिजून चालत नाही. माठाच्या तोंडाशी फेस येतो, वर करड्या रंगाची साय धरते, आणि वास असा येतो की एखादं ओलं कुत्रं शाळेच्या दप्तरात मरून पडलंय. दुसरीकडे मेथ्या भिजवायच्या. त्यांना तार सुटते. बोट बुडवून वर काढलं तर खाली हातभर लोंबतं. मेथ्या पाट्यावर वाटायच्या, कागद उखळात कुटायचा, त्यात गढीची पांढरी माती घालायची आणि सगळं कालवायचं. हाताने. मग एखादं भांडं उपडं घालून त्याला राख फासायची, त्यावर हा लगदा थापायचा आणि सावलीत वाळवायचा. वाळला की भांडं काढून घ्यायचं, टोपली तयार. मेथीमुळे ती घट्टही होते आणि तिला कीडही लागत नाही. कीड माझ्यासारखीच असते, तिलाही तो वास सोसत नसावा. आजकाल बायका पार्लरमध्ये जाऊन हाच मेथीचा चिकट लेप पैसे देऊन डोक्यावर थापून घेतात. मी बाहेरच्या बाकावर बसते आणि नाकाला पदर लावते.

वानखडे गुरुजी बुलढाण्याहून बदलून आलेले. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बाकी शाळांत हस्तव्यवसायाच्या तासाला पोरं टकळीवर सूत कातायची. गुरुजींनी टकळ्या पेटीत भरल्या आणि जाहीर केलं, "या वर्षी आपण गुणोत्तर हातानं शिकायचं." फळ्यावर लिहिलं: कागद, माती, मेथी. चारास दोनास एक. माप एकच, शाळेतली पितळी वाटी. रद्दी म्हणून त्यांनी काय काढलं, तर आमचे सहामाहीचे पेपर! माझा नापास पेपर माझ्या डोळ्यांदेखत माठात बुडाला. माझ्या चुकलेल्या पेढ्यांवर साय धरली. सांगते, त्या कुजण्यातला तेवढाच भाग मला गोड वाटला.

पण गुरुजींची खरी गंमत पुढे होती. कुणीही आपापल्या घरून सगळं आणायचं नाही. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने आणायचं. मेथ्या आम्हा माळ्यांच्या पोरांनी आणल्या. वाण्याच्या पोरांनी पुड्यांचे कागद आणले, त्यातले काही भज्यांचे तेलकट, काहींना वाळल्या बोंबलाचा वास. माती आणली सुमनने आणि तिच्या वस्तीतल्या पोरांनी, कारण त्यांची घरं गढीला लागून. सुमनची माय आमच्या मळ्यात आणि ज्वारीच्या शेतात मजुरीला यायची. सुमनच्या घरचे आणि त्या वस्तीतले सगळे काही वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते. देव्हाऱ्यातले जुने देव त्यांनी नदीत सोडले होते. गावाने मात्र त्यांच्यासाठीची वेगळी विहीर सोडली नव्हती. तर या सगळ्यांचं आणलेलं एका घमेल्यात पडलं आणि त्यात सगळ्यांचे हात. वीसेक पोरांची नखं. त्यात एकाचे खरजेने भरलेले हात, एकाचं नाक सतत वाहणारं आणि ते पुसायला हात मोकळा नाही. माझ्या घशाशी आलं. मी पळत जाऊन शाळेमागच्या बाभळीखाली रिकामी झाले आणि परत आले. पुन्हा हात घातला, पुन्हा पळाले. तिसऱ्या वेळी सुमन म्हणाली, "तू एक काम कर वं. तिकडंच बस बाभळीखाली. तुह्या वाट्याचा लगदा तिकडं आणून देतो."

लगदा कालवतानाच पहिला अपघात झाला. वर्गातल्या बबनच्या टोळीने आपला वेगळा लगदा कालवायला घेतला; त्यांनी फळ्यावरचे आकडे वाचले, शब्द वाचले नाहीत. मेथी चार, कागद एक! जे काही झालं त्याचं वर्णन करताना आजही माझी जीभ आत ओढली जाते. तो लगदा नव्हता, ती हिरवट-पिवळी लाळ होती. बबनने हात वर केला आणि ती त्याच्या कोपरापासून लोंबली, तुटेना. त्याने झटकली, ती शेजारच्याच्या कानात. मुली किंचाळल्या. गुरुजी मात्र आनंदाने टाळ्या पिटू लागले. "पाहा! चारास एक आणि एकास चार सारखं नसते! वहीत कळत नव्हतं ना? आता कानात गेलं!"

मला कळलं. किळस ही फार मोठी शिक्षिका आहे. क्रम का पाळायचा हे मी त्या दिवसानंतर कधी विसरले नाही.

मग टोपल्यांची मापं. लहान टोपली छोट्या मडक्यावर, तिला तीन वाट्या लगदा लागला. मला मोठी हवी होती, आमचं घर खाणारं. मी दुसरं, रिकामं घमेलं घेतलं. गुरुजींनी दोरी लावून दाखवलं, घमेल्याची रुंदी मडक्याच्या दुप्पट, खोलीही दुप्पट. मी छाती पुढे काढून सहा वाट्या लगदा घेतला. दुप्पट टोपली, दुप्पट लगदा, मला गुणोत्तर येतं! नाक बंद, तोंडाने श्वास, डोळ्यांत पाणी, आणि थापत सुटले. सहा वाट्या संपल्या तेव्हा घमेलं अर्धं उघडं. एका बाजूला टोपली, दुसऱ्या बाजूला लोखंड.

"गुरुजी, लगदा चोरला कोणी तरी," मी ओरडले.

"कोणी नाई चोरला," सुमन बाजूने म्हणाली. तिने धुळीत बोटाने एक चौकट काढली, मग तिच्या दुप्पट बाजूची दुसरी, आणि मोठीत लहान चौकटी बसवून दाखवल्या. "मोज. दुप्पट झाली का चौपट?"

चार बसत होत्या. मी त्या पायाने पुसल्या आणि पुन्हा काढल्या. पुन्हा चारच.

"बारा वाट्या लागते तुले," सुमन म्हणाली. कालवलेलं सगळं वाटून झालं होतं, कुणाकडे लगदा उरला नव्हता, आणि अर्ध्या टोपलीत भाकऱ्या राहत नाहीत. मला मोठ्या आईचा चेहरा दिसला. मी रडायला लागले. सुमनने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "रडू नको. माह्या मायनं घरी कुटून ठेवला हाय, आमच्या टोपलीसाठी. त्यातला सहा वाट्या आणतो. पण तू मेथ्या आणजो मले परत." सौदा झाला. तिच्या मायने कुटलेला लगदा लोण्यासारखा होता. वास तोच, पण एक गाठ नाही. माझ्या अर्ध्या भागावर मात्र कागदाचे गोळे, आणि एका ठिकाणी तर माझ्याच पेपरातलं लाल शाईचं शून्य जसंच्या तसं.

टोपली वाळून घरी आली तो सुट्टीचा दिवस. मोठ्या आईने ती उलटी केली, सुलटी केली, बोटाने वाजवली. टणटण वाजली. चुलीवरच्या भाकरी तव्यावरून थेट तिच्यात पडू लागल्या. मोठे बाबा आणि दादा जेवायला बसले. ताटात मेथीची भाजी, ठेचा. मोठे बाबा दुसरी भाकर मोडत होते. मी दारात उभी, सातवीत पोचल्यासारखी.

"टोपली बरी झाली वं," मोठी आई म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं कडं. "हे इकडलं पाहा, कसं गुळगुळीत. आन् हे दुसरं मांजरीनं लिंपलं का?"

"मांजरीनं नाई, मी," मी म्हटलं. "गुळगुळीत हाय तो सुमनच्या मायनं कुटलेला."

"कोणती सुमन?"

"गढीकडली."

मोठी आई टोपलीकडे बघत होती, जणू तिच्यात साप निघाला. कुजका माठ, बोंबलाचा कागद, वीस पोरांची नखं, वाहती नाकं, हे सगळं मी तिला आधी रंगवून सांगितलं होतं आणि ती पोट धरून हसली होती. आता तिचं तोंड वाकडं झालं. "शी!" ती म्हणाली. "शी शी शी!" तिने टोपली पदराने धरून उचलली, गोठ्याशी गेली आणि सगळ्या भाकरी गव्हाणीत उलट्या केल्या. बैलाने लगेच जीभ काढली.

"उद्यापासून शाळा बंद," ती परत येऊन म्हणाली. "हेच शिकवते का तिथं?"

माझं, त्या पळपुट्या, ओकऱ्या पोरीचं, डोकं कधी नव्हे इतकं साफ झालं.

"मोठे बाबा," मी म्हटलं, "ज्वारी कोणी निंदली?"

"काऊन इचारते?"

"सांगा ना. सुमनच्या मायनं. इळ्यानं सोंगली कोणी? त्याइच्याच वस्तीनं. उफणली कोणी? तिनंच. हे झाले तीन हात. ही मेथी निंदली कोणी, खुडली कोणी, जुड्या कोणी बांधल्या? पुन्हा तीन. सहा झाले. आपल्या घरी दळलं, थापली, भाजी फोडणीले टाकली. आपले तीन. तुमच्या ताटात सुमनच्या मायचे सहा अन् आपले तीन. सहास तीन. म्हंजे दोनास एक."

मोठ्या बाबांचा घास तोंडाशी थांबला. हिशेब चुकलेला त्यांना खपत नसे, मग तो कुणाचाही असो. "पेरणी कोणी केली?" त्यांनी दरडावून विचारलं.

"दादांनी."

"मंग आपले चार धर."

"सहास चार," मी म्हटलं. "तीनास दोन."

"आन् बैल आपले."

"बैलाले हात नसते, मोठे बाबा."

दादांना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे मला फार पुढे कळलं. मोठे बाबा बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजत होते, एखादा आपला हात कुठे सुटला का ते बघत होते. सुटला नव्हता. पण मोठी आई पदर खोचून उभी राहिली. "तुमी दोघं हिशेब करत बसा. माह्या घरात थे टोपली येणार नाई, अन् थ्या भाकरी कोणी खाणार नाई."

मी वळले. गोठ्यात गेले. गव्हाणीत कडब्याच्या कुटारात भाकरी पडल्या होत्या. एकीवर बैलाची जीभ दोनदा फिरली होती. ती भाकर चमकत होती. कडेला फेस. वर एक मोठी निळी माशी. माझ्या पोटातून लाट उठली. मी तिला सांगितलं, खाली बस. ती भाकर उचलली, माशी हाकलली आणि सगळ्यांसमोर ओसरीत उभी राहून खाल्ली. बैलाची लाळ कोमट असते. खारट असते आणि तिला तार असते, अगदी मेथीसारखी. कुटार दातांत अडकतं. मी हे कुणाला धडा शिकवायला लिहीत नाही; एवढी वर्षं झाली, लिहिताना आत्ता बाजूला पाण्याचा तांब्या ठेवलाय. मी चावत होते आणि मोठ्या आईकडे बघत होते. तार माझ्या हनुवटीवरून खाली आली. ती मी तोडली नाही.

मोठी आई तोंडावर पदर दाबून मोरीकडे धावली. मग जे ऐकू आलं ते एरवी माझ्याकडून ऐकू यायचं.

मोठ्या बाबांनी ताट पुढे सरकवलं, हात धुतला आणि मोरीच्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "जाऊ दे तिले शाळेत. घरी ठेवली त रोज असं करील ही."

मोरीतून पुन्हा एक उबळ ऐकू आली. मायने माझ्या हातावर पाणी घातलं. टोपली घरात आली नाही. तिच्यात पुढे बैलांची सरकी ठेवली. यात माझा विजय झाला असं मला पुष्कळ लोक सांगतात. मला नाही वाटत. त्याच ताटात संध्याकाळी पुन्हा मेथीची भाजी होती, सुमनच्या मायने खुडलेली, आणि सगळ्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. मोठ्या आईनेही, पोट रिकामं झालेलं म्हणून जरा जास्तच. ते बघून जी शिसारी आली ती बैलाच्या लाळेने आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सुमनच्या मेथ्या घेऊन शाळेत गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिला सगळं सांगितलं, रंगवून, हातवारे करून. गव्हाण, माशी, तार. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. सुमन हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकत गेली.

"बैलानं चाटलेली?" ती म्हणाली.

"हाव."

"अन् खाल्ली तू?"

"तुह्यासाठी खाल्ली वं!"

"माह्यासाठी? मले इचारलं होतं का?" तिने नाकाला झग्याची बाही लावली. "शी! आधी तोंड धुऊन ये, मंग बस माह्याजवळ."